पानगळीतला बहर

अमरावती-अकोल्याकडे बाहेरचा पाहुणा यायचा म्हणाला, की आपण त्याला डिसेंबरात बोलावतो. हवा बरी असते, तूर फुललेली असते, हुरड्याची सोय होते. बागा, जंगल बघायचे आहे म्हणाला, तर श्रावण सुचवतो. आणि मार्च ते मे यांपैकी एखादा महिना त्याने काढलाच, तर “कशाला जिवाला त्रास” म्हणून आपणच त्याला मागे फिरवतो. अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो हे सगळ्या देशाला ठाऊक आहे, त्यामुळे पाहुणाही हट्ट धरत नाही. माणसाच्या सोयीने पाहिले तर हा सल्ला बरोबरच आहे. झाडांच्या बाजूने पाहिले तर साफ उलटा आहे. वऱ्हाडातल्या पुष्कळ देशी झाडांचा फुलायचा हंगाम होळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मृगाच्या तोंडावर संपतो. म्हणजे जेव्हा बागेत कुत्रे फिरकत नाही, तेव्हा बाग भरात असते.

वनस्पती उद्यान म्हटले की डोळ्यांसमोर हिरवळ, कारंजे आणि फुलांचे वाफे येतात. मुळात या प्रकाराचा शोभेशी संबंध फार थोडा होता. इटलीतल्या पादुआचे उद्यान १५४५ साली सुरू झाले ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी झाडे खात्रीने ओळखता यावीत म्हणून. कोलकात्याजवळच्या शिबपूरचे उद्यान १७८७ साली कर्नल रॉबर्ट किडने कंपनी सरकारसाठी उभे केले, त्यामागे साग, मसाले आणि व्यापार होता. जिवंत झाडांचा संग्रह, प्रत्येक झाडाला नाव, ते कुठून आले याची नोंद, आणि ते झाड वर्षभर काय करते यावर नजर, एवढ्या गोष्टी असल्या की वनस्पती उद्यान झाले. कारंजे नसले तरी चालते.

वऱ्हाडाला शिबपूरसारखे एक मोठे, नावाजलेले उद्यान मिळाले नाही. इथला संग्रह विखुरलेला आहे. अमरावतीच्या कडेला वडाळीला वन विभागाचे बांबू उद्यान आहे. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. विज्ञान महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांमागे लहानलहान बागा आहेत. तिथे गंजक्या पाटीवर कुळाचे नाव अजून वाचता येते. आणि या सगळ्यांच्या उत्तरेला मेळघाट आहे, जिथे पाट्या नाहीत पण संग्रह सर्वांत मोठा आहे. त्याची यादी मात्र झालेली आहे. १९८८ साली धोरे आणि जोशी यांची मेळघाट व्याघ्र प्रकल्पाची वनस्पतिसूची प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने कांबळे आणि प्रधान यांची अकोला जिल्ह्याची सूची छापली. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात आजचा वाशीमही होता, त्यामुळे एका पुस्तकात दोन जिल्हे मिळतात.

आता त्या उन्हाळी बहराकडे येऊ. सुरुवात काटेसावरीपासून होते. जानेवारी संपता संपता तिची पाने गळून जातात आणि आडव्या, चक्राकार फुटलेल्या फांद्यांवर तळहाताएवढी लाल, मांसल फुले लागतात. फुलात रस भरपूर, म्हणून मैना, कावळे, कोतवाल, खारी, सगळ्यांची सकाळपासून तिथे झुंबड असते. तिच्या पाठोपाठ धुऱ्यावरचे पळस पेटतात. पळसाची कळी मखमली, काळपट तपकिरी असते आणि तिच्यातून शेंदरी पाकळी बाहेर येते, त्यामुळे लांबून झाड केशरी आणि जवळून काळे-केशरी दिसते. शिंजीर हा चिमुकला पक्षी त्या वाकड्या फुलात चोच घालतो तेव्हा परागकण त्याला चिकटतात आणि पुढच्या झाडावर जातात. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लावणारे आणि एकेकाळी होळीला त्याच्याच फुलांचा रंग खेळणारे आपण लोक या झाडाला नवखे नाही. पण त्याच्याखाली अर्धा तास थांबून कोण कोण येऊन जाते हे पाहणारे थोडेच.

खडकाळ उतारावर, जिथे दुसरे काही धड उभे राहत नाही, तिथे गणेर असतो. वेडेवाकडे, बुटके झाड, अंगावर एक पान नाही, आणि टोकाटोकाला लखलखीत पिवळी मोठी फुले. या फुलात मध नसतो. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असते आणि मोठा काळा भुंगा फुलाला मिठी मारून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा त्या छिद्रातून पराग उडतो. भर दुपारी, सगळीकडे सामसूम असताना, गणेराखाली हा गुंजारव ऐकू येतो. चैत्रात कुसुमाची नवी पालवी येते, आणि तिला पालवी म्हणणे जिवावर येते इतकी ती लाल असते. नवखा माणूस हमखास फूल समजून फसतो. मोहाचे काम रात्री चालते. त्याची फुले रात्री उमलतात, वटवाघळे येऊन जातात, आणि पहाटे गोड, रसदार पाकळ्यांचा सडा खाली पडतो. तो वेचायला कोरकू बायका टोपल्या घेऊन उजाडायच्या आत निघतात, कारण अस्वलालाही तेच हवे असते. एप्रिल-मेमध्ये बहावा. त्यानंतर गुलमोहर, तो मात्र आपला नाही. मूळचा मादागास्करचा. त्याला आपण इतके आपलेसे केले आहे की शहरातल्या मुलांना उन्हाळ्याचे झाड म्हणून तेवढेच ठाऊक असते, आणि बिचारा गणेर शहराच्या हद्दीबाहेरच राहतो.

हे सगळे झाडांना परवडते कसे, हा खरा प्रश्न आहे. जमीन भेगाळलेली, विहिरी तळाला गेलेल्या, हवेत ओल नावालाही नाही, आणि नेमक्या याच दिवसांत झाड फुलांची आणि कोवळ्या पानांची उधळपट्टी करते. कुंडीतले रोप या दिवसांत दोन वेळा पाणी मागते.

उत्तराचा पहिला भाग पानगळीतच आहे. झाडातले बहुतेक पाणी पानांवाटे उडून जाते. हिवाळा सरताना मातीतली ओल कमी झाली, की पान आणि फांदी यांच्या सांध्यावर पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो, पान सुटते आणि गळते. गळती थांबली की खोडात आणि खोलवरच्या मुळांजवळ जे काही पाणी उरलेले असते ते झाडातच राहते. ते हळूहळू वर चढते, वाळलेल्या वाटणाऱ्या डहाळ्या आतून पुन्हा भरतात आणि कळ्या फुगतात. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशाच्या कोरड्या जंगलांत रॉल्फ बोर्शर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे हे मोजून दाखवले. त्याला असे दिसले की, ज्या झाडांचे लाकूड हलके आणि सच्छिद्र असते ती खोडातच भरपूर पाणी साठवतात आणि कडक उन्हाळ्यातही फुलू शकतात. ज्यांचे लाकूड घट्ट आणि जड असते त्यांच्याकडे हा साठा नसतो. मुळे ओलाव्यापर्यंत पोहोचत नसतील तर त्यांना पावसाची वाट पाहावी लागते.

हा नियम हातात घेऊन आपल्याकडची झाडे पाहिली तर बऱ्याच गोष्टी जागेवर बसतात. सावर, पांगारा, सालई, गणेर, या सगळ्यांची लाकडे हलकी. सावरीचे आगकाड्यांना चालते, पांगाऱ्याचे तर नखाने उकरता येते. ही सगळी मंडळी निष्पर्ण अवस्थेत फुलणारी. उलट धावडा घ्या. कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि बैलगाडीच्या आसाला ज्याचे लाकूड लागायचे तो धावडा पावसाची चाहूल लागेपर्यंत हूं की चूं करत नाही. भूत्या नावाचे झाड तर आणखी एक युक्ती करते. कुल्लू किंवा कांडोळ याही नावांनी ओळखले जाणारे हे झाड उन्हाळ्यात पांढऱ्याफटक खोडासह उभे असते आणि चांदण्यात बघणाऱ्याला दचकवते. ती पांढरी साल बरीचशी उष्णता परतवून लावते आणि तिच्या पातळ थराखाली हिरवे द्रव्य असते, म्हणजे पाने नसतानाही खोड थोडेफार अन्न तयार करत राहते.

दुसरा भाग दिवसाच्या लांबीचा. वसंत संपातानंतर दिवस रात्रीपेक्षा मोठा होऊ लागतो आणि काही झाडांना तेवढीच खूण पुरते. करंज, कडुनिंब, पिंपळ यांना चैत्रात फुटणारी पालवी पाण्याच्या भरवशावर फुटत नाही, पंचांगाच्या भरवशावर फुटते. पाऊस यायला दोन महिने असतात तरी झाड पाने काढून मोकळे होते. त्यात धोका आहे, पण फायदाही आहे. जून उजाडला की ही पाने तयार असतात आणि पावसाळ्याच्या पहिल्या दिवसापासून अन्न बनवायला लागतात. शिवाय या काळात पाने खाणारे किडे कमी असतात. बहावा फुलला की इतक्या दिवसांनी पाऊस, असा एक ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. बहावा दरवर्षी साधारण त्याच सुमाराला फुलतो आणि पाऊसही साधारण त्याच सुमाराला येतो, तेव्हा ठोकताळा बहुतेक वेळा जमतो. पाऊस लांबला तर बहाव्याला त्याची आगाऊ खबर असते असे मानायला मात्र आधार नाही.

तिसरा भाग फळांचा. मार्चमध्ये फूल आले तर मेमध्ये शेंग तयार होते, आणि मेच्या वावटळीत पळसाची चपटी, हलकी शेंग आणि सावरीचा कापूस लांबवर जातो. बी जमिनीवर पडते आणि पंधरा-वीस दिवसांत पाऊस. पान नसल्यामुळे वाऱ्याला अडथळा नाही, फूल लांबून दिसते, पाखराला उडायला जागा मिळते, हे वर आणखी. सगळा हिशेब जूनकडे तोंड करून मांडलेला आहे.

मग सागाचे काय? मेळघाटातले सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत जास्त दिसणारे झाड या हिशेबात बसत नाही. साग उन्हाळाभर नागडा उभा असतो आणि पाऊस पडल्यावर पाने काढून जुलै-ऑगस्टमध्ये फुलतो. बारीक पांढऱ्या फुलांचे मोठे तुरे झाडाच्या शेंड्यावर येतात. त्याचे फळ हिवाळ्यात पिकून पडते, कठीण कवचात बंद असते, आणि ते कवच ऊन-पावसाने सैल झाल्याशिवाय बी रुजत नाही. त्याला घाई नाही. पुढच्या, कधी त्याच्याही पुढच्या पावसात तो उगवतो. एकाच डोंगरावर शेजारी शेजारी उभी असलेली दोन झाडे एकच उन्हाळा दोन तऱ्हांनी काढतात, आणि दोन्ही तऱ्हा चालतात.

हे सगळे डोळ्यांसमोर असताना आपल्या शहरांतल्या बागांतली हिरवळ बघितली की थोडी चीड येते. विलायती गवताचा तो पट्टा जिवंत ठेवायला एप्रिल-मेमध्ये जेवढे पाणी लागते तेवढ्यात कितीतरी गणेर, सालई आणि कुसुम पहिली दोन-तीन वर्षे जगवता येतील, आणि पुढे त्यांना कोणी पाणी विचारायचीही गरज नाही. वऱ्हाडातल्या बागेने उन्हाळ्यात हिरवे दिसलेच पाहिजे हा हट्ट कुठून आला कोण जाणे.

अकोल्याच्या नागार्जुन उद्यानाचे वेळापत्रक या उन्हाळी बहराच्या अगदी उलट आहे, कारण तिथला मोठा ऐवज जमिनीखाली असतो. विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले. ज्यांचे नाव त्याला दिले ते पंजाबराव देशमुख २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी जन्मले आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांच्या जयंतीच्या सुमाराला विद्यापीठात मोठे कृषी प्रदर्शन भरते, गावोगावचे शेतकरी येतात, आणि बरेच जण वनौषधींकडेही फेरी मारतात. नेमक्या त्या दिवसांत निम्म्या वनस्पती झोपलेल्या असतात. वाफ्यात पाटी असते आणि पाटीमागे माती असते.

सफेद मुसळीचेच घ्या. पहिला पाऊस पडला की जमिनीतून गवतासारख्या पात्या वर येतात, जुलैमध्ये पांढऱ्या फुलांचा दांडा निघतो, आणि पावसाळा सरला की सगळे पिवळे पडून नाहीसे होते. पुढचे आठ-नऊ महिने वनस्पती म्हणजे फक्त जमिनीतल्या पांढऱ्या, मांसल मुळ्यांचा झुपका. त्या खणायच्या त्या थंडीत. या वनस्पतीला शास्त्रीय नाव मिळाले ते १९५५ साली. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी ती बोरिवलीच्या जंगलातून वेगळी जात म्हणून नोंदवली, आणि ते गाव तिच्या नावात कायमचे बसले. वैद्य मंडळी मुसळी वापरत होती ती कितीतरी आधीपासून. पण औषध म्हणून विकत घेतलेली मुसळी नेमकी कोणत्या जातीची, हे सांगायला नाव, वर्णन आणि नमुना लागतो. वनौषधी उद्यानाचे मुख्य काम हेच. जाहिरातीत दिसणारी मुळी आणि वाफ्यातली मुळी एकच आहे का, हे तिथे पडताळून पाहता येते.

कळलावीही अशीच. श्रावणात कुंपणावर चढलेली तिची फुले एकदा पाहिली की विसरत नाहीत. पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी, रंग पिवळ्यातून लालाकडे जाणारा. पानाचे टोकच लांबून गुंडाळते आणि आधाराला धरते, वेगळा तणावा तिला नाही. कंद विषारी आहे, पोटात गेला तर जीव जाऊ शकतो, हे इथे ठासून सांगितले पाहिजे. त्या विषातला मुख्य घटक कोल्चिसिन. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे धागे असतात, ते कोल्चिसिनमुळे बनत नाहीत, आणि मग एकाच पेशीत गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. हे १९३७ च्या सुमाराला लक्षात आले आणि पीक सुधारणाऱ्यांच्या हाती एक हत्यार लागले. आपल्या देशी कपाशीत २६ गुणसूत्रे असतात, अमेरिकन कपाशीत ५२. या दोघींचा संकर सहजासहजी टिकत नाही. देशीची संख्या कोल्चिसिनने दुप्पट करून मग संकर करायचा, ही वाट कापूस संशोधकांनी वापरली. कुंपणावरची विषारी वेल आणि वावरातली पऱ्हाटी यांचा असाही एक संबंध आहे. पऱ्हाटीचे फूलही, जाता जाता, बागेत लावण्याच्या लायकीचे आहे. अमेरिकन जातीचे फूल पहिल्या दिवशी मलईसारखे पांढरट असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. देशीचे पिवळे, मध्ये गर्द जांभळा ठिपका. लाखो एकरांवर पसरले आहे म्हणून आपण ते बघत नाही.

सर्पगंधेपाशी मात्र थांबून जावे. लहानसे झुडूप, पांढरी फुले, तांबडे देठ, दिसायला साधेच. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिच्या मुळीचा परिणाम अभ्यासून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. त्याआधी भारतात सर्पगंधेवर कामे झालेली होती, पण पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष गेले ते या निबंधाने. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. त्यानंतर मुळीला एवढी मागणी आली की जंगलातली सर्पगंधा दुर्मीळ झाली. आज ती लोकांना दिसते ती बहुधा अशा उद्यानांतच.

अश्वगंधा आणि गुळवेल यांचे आणखी वेगळे. अश्वगंधेची पाने वाळायला लागली आणि फळे लाल झाली की मुळी तयार झाली असे समजतात, म्हणजे ते झुडूप सर्वांत केविलवाणे दिसते तेव्हा त्याची किंमत सर्वांत जास्त असते. गुळवेल उन्हाळ्याच्या तोंडी पाने टाकते, पण तिचे खोड हिरवे राहते आणि त्यावर लाल फळांचे घोस येतात. शोभा बघायला गेलेल्याला यातले काही बागेसारखे वाटणार नाही. कोणत्या महिन्यात काय बघायचे हे सांगणारा एक फलक प्रवेशद्वारावर लागला तर चांगले होईल.

औषधी वेलींचा सर्वांत विलक्षण संग्रह मात्र कोणत्याच संस्थेचा नाही. तो अंजनगाव सुर्जी, अकोट आणि तेल्हारा या भागातल्या पानमळ्यांत आहे. तिथला बारी समाज पिढ्यान्‌पिढ्या विड्याच्या पानाबरोबर पानपिंपरी लावत आला आहे. सुंठ, मिरे, पिंपळी या त्रिकटूतली ही पिंपळी. तिचे मूळ घर सह्याद्रीतली आणि ईशान्येकडची ओली, सावलीची जंगले. ती जगते अशा तालुक्यांत, जिथे मेमध्ये उघड्यावर ठेवलेली बादली हाताला चटका देते. त्यासाठी शेतकरी आधी शेवरी, पांगारा, हादगा अशी भरभर वाढणारी झाडे दाट लावून सावली तयार करतात, भोवती उंच कूड घालून उन्हाचा झोत अडवतात, आणि सतत थोडे थोडे पाणी देऊन आतली हवा दमट ठेवतात. लंडनच्या क्यू उद्यानात ताडांसाठी १८४४ ते १८४८ या काळात लोखंड आणि काचेचे प्रचंड घर बांधले, ते उष्ण देशांतल्या झाडांना थंडीपासून वाचवायला. अंजनगावच्या मळ्यांत तेच शास्त्र उलट्या दिशेने वापरले आहे, आणि तेही बिनकाचेचे. वाळवलेली पिंपळी इथून दूरदूरच्या मसाल्याच्या आणि औषधांच्या बाजारांत जाते. त्या मळ्यात शिरल्यावर बाहेरच्या उन्हाची आठवणही राहत नाही. पण कष्ट आणि पाणी यांचे गणित अवघड आहे, आणि भाव पडला की पहिला मळाच मोडतो.

पाऊस सरल्यावर मेळघाटाच्या उतारांवर रोशा गवत तुऱ्यावर येते. पान चुरगळले की गुलाबासारखा वास. या गवताचे दोन प्रकार तेल गाळणारे लोक वेगळे ओळखत: उतारावरचा मोतिया, ज्याचे तेल उंची, आणि सखल, ओलसर जागेतला सोफिया, ज्याचे तेल हलके. दोघांत दिसायला फरक फारसा नाही, तेलात बराच आहे. बैतूल, निमाड, मेळघाट, खानदेश या पट्ट्यात ओढ्याकाठी भट्ट्या लागत आणि गवत उकळून तेल काढले जाई. ते मुंबईहून थेट तुर्कस्तानपर्यंत जायचे आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळले जायचे. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्याचे नावही तुर्की ठेवले होते. नफा कुठे आणि नाव कुणाचे, हा प्रकार जुनाच आहे.

मेळघाटातल्याच चिखलदऱ्याबद्दल एवढेच सांगतो की १,११८ मीटर उंचीमुळे तिथे पाऊस अकोल्याच्या जवळपास दुप्पट पडतो आणि म्हणून तिथे कॉफी होते. पर्यटक ती कपातच शोधतात. उन्हाळ्यातला पहिला वळवाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत तिची सगळी झुडपे एकदम पांढरी होतात आणि दोन-तीन दिवसांत फुले संपतात. ते गाठायचे तर नशीब लागते.

वडाळीचे बांबू उद्यान यातल्या कोणत्याच हंगामात बसत नाही. शहरातून निघून वडाळी तलावाकडे गेले की डोंगराच्या पायथ्याशी ते आहे. तिथे साठीच्या आसपास जातींचे बांबू लावलेले आहेत. ज्याने फक्त मेळघाटचा मानवेल पाहिला आहे त्याला बांबू म्हणजे किती प्रकारचा असू शकतो हे तिथे कळते. मानवेल आपल्या कोरड्या डोंगरात जवळजवळ भरीव होतो, म्हणून लाठीला उत्तम. काटस किंवा कटांग काटेरी, त्याच्या बेटात शिरणे अशक्य. याशिवाय जगात पिवळ्या कांडीवर हिरवे पट्टे असलेले, काळ्या कांडीचे, कांडीकांडीला फुगलेले, आणि माणसाच्या मांडीएवढे जाड असे बांबू आहेत.

बांबू हे गवत आहे हे आता बहुतेकांना ठाऊक असते. कायद्याला मात्र ते बरीच वर्षे ठाऊक नव्हते. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ या व्याख्येत मोडत होता, त्यामुळे स्वतःच्या वावरात लावलेला बांबू तोडून न्यायलाही परवान्याच्या भानगडी होत्या. २०१७ साली दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून निघाला. गवत असल्यामुळे त्याच्या वाढीची रीतही झाडासारखी नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतून कोंब येतो तो पहिल्या दिवशीच त्याच्या अखेरच्या जाडीचा असतो. दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि नंतर एक सूतही जाड होत नाही. पुढची तीन वर्षे तो फक्त टणक होत राहतो. म्हणून बुरूड पहिल्या वर्षाच्या हिरव्या काठीला हात लावत नाही. कोवळ्या कोंबाची, म्हणजे वास्त्याची, भाजी खाणारे मात्र त्याला तीन आठवडेही देत नाहीत.

बांबूची जात ओळखायची कशी, हा अभ्यासकांचा जुना त्रास. वनस्पतींचे वर्गीकरण फुलांवर चालते आणि बांबू फुलतच नाही. निदान माणसाच्या सोयीने फुलत नाही. म्हणून कोंबाभोवती जे कडक, लव असलेले वेष्टन असते ते उचलून बघतात. त्याचा आकार, टोकाचे पाते, कडेचे कान, केसांचा रंग, यांवरून जात ठरते. वडाळीत गेलात तर बेटाखाली पडलेली ही वेष्टने गोळा करून शेजारी शेजारी मांडून पाहा. शाळेतल्या मुलांसाठी यापेक्षा चांगला तास दुसरा नाही.

आणि फुलतो तेव्हा बांबू मरतो. मानवेलाच्या सामूहिक फुलोऱ्याचे चक्र साधारण २५ ते ४५ वर्षांचे मानतात. मिझोरममधल्या एका जातीचे ४८ वर्षांचे आहे; ती १९५८-५९ मध्ये आणि पुन्हा २००६-०७ मध्ये फुलली. पहिल्या वेळी बियांवर उंदीर माजले, त्यांनी शेते खाल्ली, दुष्काळ पडला, आणि त्या दुष्काळात मदतीसाठी निघालेल्या संघटनेचे पुढे राजकीय पक्षात रूपांतर झाले. इतका मोठा परिणाम एका गवताच्या फुलण्याचा.

संग्रह सांभाळणाऱ्याला यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची असते. बांबूचा फुलोरा त्याच्या वयावर नाही, त्याच्या वंशावर ठरतो. मूळ बेटाचा गड्डा काढून दुसरीकडे लावला, तरी ते नवे रोप जुन्याच मोजणीने पुढे जाते. आज लावलेला लहानसा गड्डा ज्या बेटातून आला ते बेट पाच वर्षांनी फुलणार असेल, तर हाही फुलेल आणि मरेल. एकाच ठिकाणाहून आणलेली सगळी बेटे बहुतेक एकदमच जातील. म्हणून प्रत्येक बेटापाशी जातीच्या नावाबरोबर ते कुठून आणि कोणत्या साली आणले, आणि मूळ ठिकाणी आधीचा फुलोरा कधी झाला होता, हे लिहिलेले असणे नावाइतकेच गरजेचे आहे. तसेच एका जातीची दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणची बेटे लावलेली बरी. फुलोरा आलाच, तर भाताच्या लोंबीसारखे बी उन्हाळ्याच्या अखेरीस खाली झडू लागते. ते साध्या साठवणीत फार काळ टिकत नाही, महिन्यामहिन्याला त्याची उगवण घटत जाते, आणि उंदीर, खारी, मुंग्या तोवर थांबत नाहीत. मेमध्ये झाडून घेतलेले बी मृगाच्या पहिल्या पावसात वाफ्यात पडलेच पाहिजे, आणि त्यातला काही वाटा त्याच आठवड्यात दुसऱ्या एखाद्या उद्यानाकडे रवाना झाला पाहिजे.